'डिडन्ट वेंट' का चालत नाही?

ताई, तुमच्या पोरानं 'आय डिडन्ट वेंट टू रंकाळा' लिहिलं, बाईंनी वेंटवर लाल रेघ मारली, आणि तो विचारतोय की गोष्ट कालची आहे तर वेंट का नको. पोरगं काय अगदीच चुकीचं बोलत नाही बघा. मराठीत 'गेलो'ला हात न लावता पुढं 'नाही' ठेवलं की झालं, तेच त्यानं इंग्रजीत केलं. आणि चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही 'आय वेंट नॉट' सरळ चालायचं, डिड मधे घालायची सक्ती नंतर आली.

त्याला 'जात नाही' आणि 'जात नव्हतो' शेजारी शेजारी लिहून दाखवा. अर्थ सोडा, नुसती बांधणी बघायची. 'जात' दोन्हीकडं तसंच, भूतकाळ सगळा 'नव्हतो'नं उचललाय. डिडन्ट तेच करतं, म्हणून त्याच्यापुढं साधं गो. केएमटी बसमध्ये एका माणसाचं तिकीट दोनदा काढतो का आपण? प्रश्नातही तेच, 'डिड यू गो', आणि कुणी खोटं पाडलं की आपण 'गेल्तो की!' म्हणून उसळतो ना, तिथंही 'आय डिड गो'.

खरा घोळ होमवर्कला होतो. 'आय डिड माय होमवर्क' मधलं डिड म्हणजे 'केला', तेच मुख्य क्रियापद. नकार करताना दुसरं डिड येतं आणि पहिल्याचं डू होतं, 'आय डिडन्ट डू माय होमवर्क'. पोरं डू गाळतात, कारण एक डिड दिसतंय की समोर! पुट, कट, हिट बदलतच नाहीत त्यामुळं तिथं चूक होतच नाही. रीडचं स्पेलिंगही तेच राहतं पण भूतकाळी उच्चार रेड, म्हणजे 'आय डिडन्ट रेड' ही चूक वहीत सापडणारच नाही, मोठ्यानं वाचून घ्या.

वॉज, वेअर, कुड यांना डिड लागत नाही, थेट वॉजन्ट, वेअरन्ट, कुडन्ट. हॅड मात्र दोन तऱ्हेचं. 'माझ्याकडं सायकल नव्हती' म्हणायचं तर आता 'आय डिडन्ट हॅव अ सायकल' म्हणतात, 'हॅडन्ट अ सायकल' जुन्या ब्रिटिश वळणाचं. पण 'तोवर मी गेलो नव्हतो' याला 'आय हॅडन्ट गॉन', तिथं डिड घुसवायचं नाही.