जुन्या कहाण्या-पुराणकथांनी स्वतःबद्दलचं मत खरंच सुधारतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, राज्यसेवेचे तीन प्रयत्न वाया गेले, घरात मावसबहिणीशी रोज तुलना. एका शिबिराला गेलात, तिथं 'तुमच्यातली दुर्गा जागी करा' असं सांगितलं. दोन दिवस अंगात आल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तर पुराणातल्या गोष्टी, आर्किटाइप वगैरेंचा काही उपयोग असतो का?

असतो. मला झाला. फक्त दुर्गेपासून सुरुवात करू नका.

मी मानसशास्त्रातली नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशोब बघते. सीएच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. 'सीए होणारी सून' म्हणून ज्या घरात आले, तिथं पुढं बरीच वर्षं पाहुण्यांसमोर माझी ओळख 'हिचं राहिलं ते राहिलंच' अशी करून दिली जायची. म्हणजे तुमच्याच बाकावर बसून उठलेली आहे.

दुर्गेची अडचण अशी की ज्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, त्या दिवशी अठरा हातांची देवी डोळ्यांपुढं आणली की आपले दोन हात आणखीच रिकामे दिसतात. आर्किटाइपला मराठी समीक्षेत 'आदिबंध' म्हणतात. आई, टाकलेलं मूल, शहाणा म्हातारा, सोंगाड्या अशी तीच ती रूपं जगभरच्या कथांत आणि माणसांच्या स्वप्नांत पुन्हा पुन्हा येतात, असं मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगचं निरीक्षण. त्यातलं एक निवडा आणि तसं होऊन दाखवा, असं काही तो म्हणाला नव्हता. उलट एखाद्या रूपानं माणूस झपाटला जातो, याचीच त्याला धास्ती होती. मोबाइलवर 'तुम्ही कोणती देवी?' असल्या चाचण्या येतात, त्या करमणूक म्हणून ठीक.

मी गोष्टीला दुसराच प्रश्न विचारते. आत्ता मी या गोष्टीत कुठं बसले आहे?

माझं उत्तर खूप वर्षं एकच होतं. गोठ्यात.

श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी ऐकली असेल तुम्ही. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टंमाष्टं जेवायला, जाडंभरडं नेसायला आणि राहायला गुरांचं बेडं. माझी आजी हरिपूरची. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथं ती मला न्यायची. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव. घामेजल्या मुठीत तांदूळ चिकटून बसायचे, पिंडीवर निम्मेच पडायचे, उरलेले मी फ्रॉकला पुसायचे. आणि आजी म्हणायला लावायची: "शिवा शिवा महादेवा, माझी शिवामूठ ईश्वरा देवा, सासू-सासऱ्या, दिरा-भावा, नणंदाजावा, भ्रतारा नावडती आहे, ती आवडती कर रे देवा."

मोठेपणी या ओळीचा मला भयंकर राग यायचा. जिनं सगळं सोसलं तिनंच पुन्हा 'मला आवडती करा' म्हणून हात जोडायचे? तुम्हालाही सीता-सावित्रीच्या गोष्टींचा असाच राग येत असेल तर येऊ द्या, तो बरोबरच आहे.

पण एकदा स्वयंपाक करता करता तीच ओळ तोंडात आली आणि लक्षात आलं की ही चक्क यादी आहे! नावडती म्हणजे कोणाला नावडती, ते नावानिशी सांगितलंय. सासू, सासरा, दीर, नणंद, जाऊ, नवरा. संपली यादी. वसा सांगणाऱ्या नागकन्या-देवकन्या त्यात नाहीत, गोठ्यातली गुरं नाहीत, महादेव तर नाहीच. मी मात्र 'नावडती' हे माझं नाव असल्यासारखं वापरत होते. तुमच्या बाबतीत यादी करून बघा. आयोग (त्याला तर तुम्ही माहीतच नाही, त्याला फक्त बैठक क्रमांक माहीत), मावशी, वडील, अजून कोण? कागदावर पाच-सहा नावांच्या वर जात नाही.

त्याच कहाणीत शेवटाकडे एक जागा आहे, ती मला सगळ्यांत प्रिय. नावडतीच्या मागून राजा रानात जातो, तर देऊळ सोन्याचं झालेलं. तो खुंटीवर पागोटं ठेवून तळं बघायला जातो आणि परत येऊन बघतो तर सोनं गायब. तिथं एक लहानसं देऊळ, आत पिंडी, खुंटीवर त्याचं पागोटं. हे काय, म्हणून विचारतो. ती सांगते, माझं गरिबाचं देऊळ हेच. ती ओशाळत नाही, देऊळ पुन्हा सोन्याचं करून दाखवायच्या खटपटीला लागत नाही. पुढं राजा तिला पालखीत घालून घरी नेतो वगैरे ते आहेच, पण मी तिथवर जात नाही. मी पागोट्यापाशी थांबते.

गोष्ट अशी हवी तिथं थांबवायची का, तर खुशाल थांबवा. आमच्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतेच्या स्वयंवराचं नाटक केलं, तेव्हा कथा सगळ्यांना पाठच होती. तरी गाव बघायला जमलंच की, म्हणजे शेवट कळावा म्हणून कोणी आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट खुलभर दुधाची, तीही सोमवारचीच. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचाय. दवंडी पिटतात, सगळा गाव वासरांच्या, पोरांच्या तोंडचं दूध आणून ओततो, गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्या लेकरांना, सुनांना, वासरांना घालते आणि उरलेलं खुलभर घेऊन येते. भरतो. मी पहाटे साडेचारला उठून सगळ्यांचे डबे, मग दुकान, रात्री पुन्हा अभ्यासाची पुस्तकं, आणि स्वतः उभ्या उभ्या गारढोण पोळी, असा गाभारा भरत होते. या गोष्टीचा मी एवढाच उपयोग केला की सकाळी डबे भरायच्या आधी बसून जेवायला लागले. पहिल्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. घास गिळताना घशात अडकत होता, खोटं कशाला सांगू. आठवडाभरानं त्यांनी बघायचं सोडलं.

आता मारुती. वाळवा तालुक्यात बहे गावाला कृष्णेच्या बेटावर रामलिंग आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. तिथं उभं राहिलं की सगळ्यांना शक्ती आठवते. मला समुद्रकाठचा मारुती आठवतो. बाकीचे वानर कोण किती योजनं उडी मारेल ते सांगत असतात. अंगद म्हणतो शंभर योजनं जाईन, परत येण्याची खात्री नाही. मारुती बाजूला गप्प. ऋषींच्या शापामुळं, कोणी आठवण करून दिल्याशिवाय त्याला स्वतःचं बळ कळत नाही. मग जांबवंत बोलतो, आणि काय बोलतो ते नीट बघा. 'तुला जमेल रे' एवढ्यावर भागवत नाही. तू कोणाचा, कसा जन्मलास, लहानपणी सूर्याकडं झेपावला होतास, असा मागचा सगळा जमाखर्च काढून पुढ्यात ठेवतो.

आमच्या दुकानात एक म्हातारे दिवाणजी होते. मी एकदा हिशोबात चुकले आणि डोळे पुसत बसले होते. ते चष्मा न काढता म्हणाले, "चार वर्षं झाली, तुमची पट्टी घेऊन एक शेतकरी भांडायला आलेला नाही." आणि पुन्हा वहीत डोकं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं बिल: वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई वजा. त्या दिवशी घरी जाताना कळलं की स्वतःची पट्टी करताना मी वजावटच तेवढी लिहीत आले, वजन आणि दराच्या रकान्यात कधी काही भरलंच नव्हतं. तर 'तू ग्रेट आहेस' म्हणणारी माणसं सोडा, तुमचा मागचा हिशोब ज्याला माहीत आहे असं एक माणूस शोधा आणि सरळ विचारा. लाज वाटेल. शंभर योजनं उडणाऱ्यालाही कोणीतरी सांगावं लागलं होतं.

रोजचं काम म्हणून मी एक करते. वाईट दिवस गेला की तो कहाणीसारखा लिहून काढते. आटपाट नगर होतं, तिथं एक हिशोबनीस होती, तिच्या दोन पट्ट्यांची बेरीज चुकली, शेठ बोलले, मग तिला कोण भेटलं? इथं पेन थांबतं, कारण कहाणीत कोणीतरी भेटावंच लागतं. मग आठवतं की हमालानं चहा आणून दिला होता. 'मी' न म्हणता 'ती' म्हटलं की शिव्या कमी देववतात, एवढं नक्की. पहिली वही 2019 च्या पुरात गेली, आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती तेव्हा. फार वाईट वाटलं नाही, त्यात रडगाणीच जास्त होती. आणि 'तुला काय जमणार' हा आवाज डोक्यात सुरू झाला की मी मनात म्हणते, आली अक्काबाई. अक्काबाईचा फेरा येतो आणि जातो, तो म्हणजे आपण नव्हे. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या समुपदेशकांनी अडचणीला माणसापासून वेगळं नाव देण्याची पद्धतच बसवली. आपल्या बायका या अक्काबाईला, म्हणजे अलक्ष्मीला, केरसुणीनं बाहेर काढतच आल्यात.

एक मात्र आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल तर कहाण्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानसचा नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मी अजून श्रावणात हरिपूरला जाते. गेल्या वर्षी मूग होते. 'माझी शिवामूठ ईश्वरा देवा' इथपर्यंत म्हटलं आणि मूठ सोडली. मागच्या बाईंनी विचारलं, "पुढचं विसरलात का हो?"

म्हटलं, "नाही, तेवढंच."