झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानासाठी आय-५ घेऊ की आय-७?

तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकताय, हातात साठ हजार आहेत आणि प्रश्न असा की कॉम्प्युटरचा प्रोसेसर आय-५ घ्यायचा की आय-७. मी असंच दुकान नऊ वर्षं चालवतोय. दोन्ही नको, आय-३ भरपूर झाला. दिवसभर ब्राउझर, पीडीएफ आणि कुणाचा तरी फोटो ५० केबीच्या आत बसवणं, यापलीकडे आपलं काम जात नाही. शेवटच्या तारखेला साइट अडकते ती सर्व्हरमुळे. तिथे आय-७ काय करणार? ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (फाइली ठेवायची वेगवान डिस्क), बास.

ऑफिसातून निघालेला जुना पीसी स्वस्त पडतो, माझा एक तसलाच आहे. फक्त इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विकणारा म्हणेल, "चालतंय हो, टाकून देतो." पण लोकांची आधार कार्डं आणि बँकेची कामं त्याच मशीनवर होणार आहेत.

गल्ला भरतो प्रिंटर. पैसे तिथे घाला. काळ्या प्रिंटसाठी लेझरच, आणि मॉडेल ठरवायच्या आधी गावातल्या टोनर (लेझरची काळी पूड) रिफिलवाल्याला गाठा. तो काय भरतो ते घ्या. एचपीचं १२ए कार्ट्रिज (टोनरची डबी) कुणीही भरून देतं; बऱ्याच नव्या मॉडेलच्या कार्ट्रिजला चिप असते, रिफिल केलं तर प्रिंटर ओळखच दाखवत नाही. रंगीत कामाला इंक टँक प्रिंटर, पण त्यावर दोन-तीन दिवसांआड एक तरी रंगीत पान काढायचं. दिवाळीत आठ दिवस दुकान बंद ठेवलं होतं, उघडल्यावर पहिल्याच पासपोर्ट फोटोत गिऱ्हाइकाच्या कपाळावर पांढरे पट्टे! (देवाने ओढलेले नव्हते, शाई सोडणारं प्रिंटरचं हेड सुकलं होतं.)

आता माझा गाढवपणा सांगतो. लाइट गेल्यावर थोडा वेळ पीसी चालू ठेवणारा नवीन यूपीएस आणला, ६०० व्हीएचा, आणि हौसेने लेझर प्रिंटरही त्यालाच जोडला. लेझर कागदावर टोनरची पूड तापवून चिकटवतो, इस्त्रीसारखा. तापताना एकदम मोठा लोड ओढतो. रात्री पावणेबाराला एका मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरत होतो, शेवटची तारीख. लाइट गेली. तेवढ्यात मी प्रिंट दिली, यूपीएस टीं टीं करत बसला आणि सगळं अंधारात. बारा वाजून गेले. ती काही बोलली नाही, तिचे वडील मात्र पुढे वर्षभर समोरच्या दुकानात जायचे. यूपीएसवर फक्त पीसी, मॉनिटर आणि राउटर. लेझरची पिन थेट भिंतीत.

आणि हे सगळं आणण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वॉरंटी कार्ड शोधू नका, आधी त्याला बोलवा.