किल्ल्यात वर्ग न्यायचा तर

प्रश्न : बेळगावातल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयात मी पदवीच्या मुलांना इतर धर्मांची ओळख शिकवतो. वर्गात ख्रिस्ती, लिंगायत, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं आहेत. व्याख्या पाठ होतात, पण शेजारच्या बाकावरच्याच्या घरी काय चालतं ते ठाऊक नसतं. काय करावं?

उत्तर : किल्ल्यात न्या. 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आणि सफा मशीद एकाच तटाच्या आत आहेत. पण आधी 2 तासिका तयारी घ्या, नाहीतर मुलं फोटो काढून परततात. दोन्हीकडे आठवडाभर आधी विचारून ठेवा. शुक्रवार टाळा, दुपारी जुम्म्याची नमाज असते. बस्तीत चामडं नेत नाहीत. हे आदल्या दिवशीच सांगा. दारात पट्टे सोडायची वेळ आली की मुलगे हसतात आणि सगळं तिथंच बिघडतं. नाश्त्याला बटाटेवडा, कांदेपोहे नकोत, जैन मुलांना कंदमुळं चालत नाहीत. केळी आणि चुरमुरे सगळ्यांना चालतात.

खरं शिक्षण परतल्यावर होतं. प्रत्येकाने पाहिल्याबद्दल 10 ओळी लिहायच्या आणि त्या धर्माच्या वर्गमित्राला वाचून दाखवायच्या. ‘नेमिनाथ हा जैनांचा देव, तो नवसाला पावतो’ असं कोणी लिहिलं, तर जैन मुलगी सांगेल की नेमिनाथांसारखे तीर्थंकर वीतराग, म्हणजे राग-लोभाच्या पलीकडचे असतात, ते वर देत नाहीत. मजकूर दुरुस्त होऊन तिने ‘हो, असंच आहे’ म्हटलं की मगच गुण द्या. मात्र तिला सगळ्या जैनांची वकील करू नका. ‘आमच्या घरी...’ अशी सुरुवात करू द्या, म्हणजे तिच्यावर ओझं येत नाही.

प्रश्न : देवळात प्रसाद दिला, तर ख्रिस्ती मुलांनी काय करायचं? पालक विचारतात.

उत्तर : हा प्रश्न ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्यापुढेही होता. बायबलातल्या त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 आणि 10 हे अध्याय निघण्यापूर्वी वर्गात वाचा. तिथे मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा विचार करताना दुसऱ्याच्या विवेकबुद्धीलाही जपायला सांगितलंय. घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिक्षकाने हुकूम सोडू नये. नको असेल त्याने हात जोडून ‘नको’ म्हणावं. घेऊन मागे टाकून देणं मात्र कुठल्याच घरात चालत नाही. पालक कॅथलिक असतील तर त्यांना इतर धर्मांविषयीच्या 28 ऑक्टोबर 1965 च्या व्हॅटिकन घोषणापत्राचं दुसरं कलम दाखवा : या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही.