विहिरीचं पाणी बिघडलं, युनोत केस टाकता येते का?

प्रश्न : शिरवळजवळ आमची दीड एकर जमीन आहे, शेजारीच एका फॉरेन कंपनीचा कारखाना. दोन वर्षं झाली विहिरीच्या पाण्यावर तवंग येतोय, म्हशी तोंड लावत नाहीत. कंपनीचे साहेब म्हणतात आमचं पाणी गेटबाहेर जातच नाही. पुतण्या म्हणतोय, काका आपण युनोत केस टाकू. खरंच टाकता येते का?
– एक शेतकरी, खंडाळा तालुका

उत्तर : काका, पुतण्याचं निम्मं खरंय. कंपनीला पिंजऱ्यात उभं करेल असं कोर्ट युनोकडे नाही. २०११ साली युनोच्या मानवाधिकार परिषदेनं कंपन्यांसाठी ३१ तत्त्वं मान्य केली, पण ती कायदा नाही, ती मोडली म्हणून कुणाला दंड होत नाही. मात्र विषारी कचऱ्याच्या विषयावर युनोचे एक विशेष प्रतिनिधी आहेत, त्यांच्याकडे फुकट तक्रार जाते, त्यांना पटलं तर ते सरकारला आणि कंपनीलाही पत्र टाकतात आणि ६० दिवसांनी ते पत्र जगासमोर येतं. त्यात तुमचं नाव येऊ शकतं, तेव्हा घरात विचारून घ्या.

दुसरी वाट मला जास्त कामाची वाटते. कंपनीची आई, म्हणजे मूळ कंपनी, कुठल्या देशातली ते आधी शोधा, वार्षिक अहवालात सापडतं. तो देश ओईसीडीची (बहुतेक श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) कंपन्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं मानणारा असेल तर तिथं नॅशनल कॉन्टॅक्ट पॉइंट नावाचं सरकारी ऑफिस असतं. भारत त्यात नाही, तरी तक्रार चालते. ते दोघांना समोरासमोर बसवतात, कंपनी आली नाही तर ओढून आणता येत नाही, पण शेवटी निवेदन काढतात. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचं असंच झालं, वेदांत कंपनीविरुद्ध ब्रिटनच्या अशा ऑफिसात तक्रार गेली आणि २००९ मध्ये त्यांनी सांगितलं की तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींशी कंपनीनं नीट बोलणंच केलं नाही. त्यानं खाण थांबली का? नाही हो. ती थांबली ती २०१३ मध्ये, सुप्रीम कोर्टानं विषय ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या तेव्हा. बाहेरच्या निवेदनानं जोर मिळतो, एवढंच.

आता खरी काळजी. पुण्यात हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचं कोर्ट, आहे, सातारा त्यातच येतो. पर्यावरणाच्या वादासाठी तिथं मुदत ६ महिन्यांची, ती तुमची बहुधा हुकलीच, पण भरपाई मागायला ५ वर्षं असतात आणि त्यातली २ तुम्ही कंपनीच्या साहेबांच्या तोंडाकडं बघत घालवलीत, राग मानू नका. युनोच्या पत्राची वाट बघत उरलेली घालवू नका. दोन्ही एकदम चालतात, इथं केस आहे एवढ्याच कारणावरून तिकडची तक्रार फेटाळत नाहीत.

आणि कुठंही गेलात तरी कागद तेच लागणार. मान्यताप्राप्त लॅबचा पाण्याचा रिपोर्ट, पंचांसमोर घेतलेला नमुना, प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलेल्या अर्जाची पोचपावती, तारखेसकट फोटो. ग्रामसभेचा ठराव करून घ्या, एकट्याच्या विहिरीपेक्षा गावाच्या विहिरींना वजन असतं. पुतण्याला इंग्रजी येत असेल तर वार्षिक अहवाल वाचायचं काम त्याच्याकडं द्या, नमुना मात्र पावसाच्या आत घ्या, एकदा ओढा वाहता झाला की सगळं धुऊन जातं.