दारू चढलेली, की साखर उतरलेली?

प्रश्न : माझे यजमान 58 वर्षांचे असून बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे, सकाळी इन्शुलिन आणि जेवणाआधी गोळी असे उपचार चालू आहेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते मुंबईहून गावी यायला निघाले. गाडी साडेचार तास उशिरा धावली, डबा वाटेतच संपला आणि एस.टी. स्टँडवर पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिथल्या पायरीवर ते घामाने निथळत, काहीतरी असंबद्ध बडबडत बसले होते. एका पोलिसाने उठवण्यासाठी दंड धरला, तेव्हा त्यांनी तो झिडकारला आणि जन्मात कधी तोंडातून न आलेली शिवी दिली. 'ह्येका चढलीहा' असे म्हणून त्यांना ठाण्यात नेऊन बाकावर बसवून ठेवले. ओळखीच्या रिक्षावाल्याने फोन केला म्हणून मला कळले. मी पोहोचेपर्यंत दोन तास उलटले होते. 'त्येंका साखर आसा' असे मी परोपरीने सांगत होते, त्यावर एक जण म्हणाला, 'साखर आसा तर मगे गोड बोलाक होया.' घरून नेलेल्या ग्लुकोमीटरवर साखर 41 आली. चहाच्या टपरीवरून साखर आणून पाण्यात कालवून पाजली. वीसेक मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, 'गणपती हाडलो (आणला) काय?' मधले काहीच त्यांना आठवत नाही. यजमानांनी आजवर दारूला स्पर्श केलेला नाही. पोलिसांनी कायदा मोडला का, तक्रार करावी का, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपण त्या क्षणी केलेली गोष्ट नेमकी बरोबर होती. आधी बोटाला सुई टोचून आकडा पाहिलात आणि यजमान गिळू शकतात याची खात्री असल्यामुळे तोंडाने साखर दिलीत. ते बेशुद्ध असते, तर मात्र तोंडात काहीही घालणे धोक्याचे ठरले असते, कारण पाणी किंवा साखर श्वासनलिकेत जाते. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज देण्यासाठी रुग्णालयच गाठावे लागते. आणखी एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी ध्यानात ठेवावी. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा, विशेषतः ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड यांचा, अंमल बराच काळ राहत असल्यामुळे एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. म्हणून माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला जेवू घालून, रात्र रुग्णालयात किंवा निदान डॉक्टरांच्या सल्ल्याने जागत्या नजरेखाली काढणे इष्ट असते.

आता मुख्य मुद्दा. मेंदूचे इंधन म्हणजे ग्लुकोज, आणि ते साठवून ठेवण्याची सोय मेंदूत जवळजवळ नाही. रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की शरीर अ‍ॅड्रिनॅलिन सोडते, त्यामुळे दरदरून घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते; 54 च्या खाली गेली की मेंदूचेच काम ढेपाळू लागते आणि जीभ जड होणे, तोल जाणे, समोरच्याचे बोलणे न कळणे, कारणाशिवाय अंगावर धावून जाणे असे प्रकार सुरू होतात. दारूही मेंदूच्या त्याच कामांवर, म्हणजे बोलणे, तोल आणि संयम यांवर, घाला घालते. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही माणसे सारखीच दिसतात, आणि यजमानांनी दिलेली शिवी ही त्यांची नसून 41 या आकड्याची होती, असे मी निःशंकपणे म्हणेन.

आपल्या पत्रातील एका वाक्याशी मात्र मी सहमत नाही. 'यजमानांनी दारूला स्पर्श केलेला नाही' हा मुद्दा आपण ठाण्यातही मांडला असणार, आणि तो खराही आहे. पण ठाण्यात येणारा प्रत्येक नातेवाईक तेच सांगतो, त्यामुळे त्या वाक्याला तिथे काही किंमत उरलेली नाही. शिवाय तो मुद्दा चुकीच्या दिशेला नेतो. रिकाम्या पोटी घेतलेली दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही, म्हणून मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या आणि दोन पेग घेतलेल्या माणसाची साखर उतरण्याचा संभव अधिकच असतो. म्हणजे तोंडाला वास येत असला, तरी त्या माणसाचे प्राण साखरेअभावी जात असू शकतात. तेव्हा मागणी 'हे प्यायलेले नाहीत' अशी न करता 'प्यायले असोत वा नसोत, आधी साखर तपासा' अशी करावी. रक्ताचा एक थेंब पट्टीवर ठेवला की काही सेकंदांत उत्तर मिळते, आणि त्यासाठी कुणाच्या चारित्र्याची चर्चा करावी लागत नाही.

कायद्याबद्दल. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 129-अ नुसार मद्यप्राशनाचा वाजवी संशय असलेल्या व्यक्तीला तपासणीसाठी आणि रक्ताच्या नमुन्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरपुढे हजर करण्याचा अधिकार पोलिसांना आहे. पोलिसांच्या भाषेत 'मेडिकल करून आणणे' ते हेच. सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात असे म्हटले आहे, की तोंडाचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येत नाही, त्यासाठी रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 53 प्रमाणे अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी, कलम 48 प्रमाणे नातेवाइकांना तत्काळ खबर आणि कलम 56 प्रमाणे ताब्यातील व्यक्तीच्या आरोग्याची वाजवी काळजी ही पोलिसांची कर्तव्ये ठरवून दिली आहेत. 'अटक केलीच नव्हती, नुसते बसवून ठेवले होते' असे उत्तर आपल्याला बहुधा मिळेल. परंतु जो माणूस स्वतःच्या इच्छेने उठून जाऊ शकत नाही तो ताब्यातच असतो, आणि बाकावर बसवल्याने जबाबदारी कमी होत नाही.

तक्रार जरूर करावी, मात्र क्रम चुकवू नये. सर्वप्रथम त्या दिवसाचे, त्या दोन तासांचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी ठाणे प्रभारींकडे देऊन पोच घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये ठाण्यांतील चित्रण 18 महिने, आणि तेवढी क्षमता नसल्यास किमान एक वर्ष, साठवण्याचे आदेश दिले आहेत. तरी महिनाभर थांबून मग मागायला जाणे शहाणपणाचे नाही. त्यासोबत ग्लुकोमीटरच्या स्मृतीत राहिलेल्या 41 या नोंदीचे, वेळेसह, छायाचित्र काढून ठेवावे. नंतर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्यावा, आणि तिथे दाद न लागल्यास पोलीस तक्रार प्राधिकरण किंवा राज्य मानवी हक्क आयोग हे मार्ग आहेत. 'गोड बोलाक होया' म्हणणाऱ्याचे नाव शोधण्यात शक्ती घालवण्यापेक्षा प्रत्येक ठाण्यात ग्लुकोमीटर आणि पट्ट्या असाव्यात, अशी मागणी अर्जात ठेवलीत, तर त्या अर्जाला जास्त वजन येईल, असे माझे मत आहे.

पुढील प्रवासासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावे: 'मला मधुमेह आहे. मी गोंधळलेला दिसलो तर साखर द्या. बेशुद्ध असलो तर 108 ला फोन करा.' खाली आपला दूरध्वनी क्रमांक लिहावा. ही माहिती फक्त मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, कारण त्याचे कुलूप अशा वेळी कुणालाच उघडत नाही. गणपतीच्या गाड्या वेळेवर धावतील असे गृहीत न धरता ग्लुकोजची पुडी आणि राजगिऱ्याचे चार लाडू सोबत असू द्यावेत.

प्रश्न : मी पोलीस हवालदार असून माझी नेमणूक महामार्गालगतच्या ठाण्यात आहे. सणासुदीला आणि शिमग्याला रात्रीत पाच-सहा जण रस्त्यावर पडलेले सापडतात आणि त्यांतले बहुतेक खरोखरच प्यायलेले असतात. ग्रामीण रुग्णालय वीस किलोमीटर दूर, रात्री हाताखाली दोन माणसे. प्रत्येकाला डॉक्टरकडे नेले तर ठाणे कोण सांभाळणार? आम्ही काही डॉक्टर नाही.
– एक हवालदार, जि. रत्नागिरी

उत्तर : आपली अडचण खरी आहे, आणि ती सांगण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. तालुक्याच्या रुग्णालयात मी बरीच वर्षे रात्रपाळ्या केल्या आहेत. पोलिसांनी आणलेल्या माणसाच्या कागदावर वास, बाहुल्या, चाल आणि बोलणे यांचे रकाने असत, ते भरून दिले की आमचेही काम संपल्यासारखे वाटे. एकदा ते चारही रकाने मी 'दारू' या निष्कर्षाला साजेसे भरले, आणि परिचारिकेने सहज हात फिरवला तेव्हा त्या माणसाच्या केसांत, कानाच्या मागे, टेंगूळ लागले. तो दुचाकीवरून पडला होता. वास खरा होता, मेंदूतला रक्तस्रावही खरा होता. तेव्हा चूक करण्याचा मक्ता एकट्या पोलिसांकडे नाही.

निदान आपण करायचे नाही. कुणाला थांबवून ठेवता येणार नाही, एवढेच ओळखायचे. 'घेऊन झोपलाय, सकाळी उतरेल' हे ठाण्यातले सर्वांत घातक वाक्य आहे. दारूच्या झोपेतल्या माणसाला खांद्याला धरून हलवले, जोरात हाक मारली, तर तो कुरकुरत का होईना प्रतिसाद देतो. जो देत नाही त्याला वीस काय, चाळीस किलोमीटरवरही न्यावेच लागते. जो देतो त्याला पाठीवर न निजवता कुशीवर निजवावे, म्हणजे ओकारी घशात अडकत नाही, आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा उठवून पाहून वेळ स्टेशन डायरीत लिहावी. ती नोंद उद्या आपल्याच उपयोगी पडते. डोके आणि मान चाचपून पाहावी. 'दात दाखव, दोन्ही हात वर कर' असे सांगावे. तोंड एका बाजूला ओढले गेले किंवा एक हात खाली आला तर तो अर्धांगवायू आहे, आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यासाठी पहिल्या लक्षणापासून फक्त साडेचार तास मिळतात. कपडे तपासता तसे खिशातली औषधेही पाहावीत.

आपल्या किनारपट्टीवर आणखी दोन गोष्टींचे भान हवे. आंब्याला मोहोर आला की बागांत फवारणी सुरू होते, आणि कीटकनाशक अंगात भिनलेला गडी डळमळत, लाळ गाळत, घामाघूम होऊन रस्त्यावर येतो. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात, दारूत तसे होत नाही. दुसरी गोष्ट मण्याराची. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार डसला तर वेदना फारशी होत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, आवाज घोगरा होतो, जीभ वळत नाही. अशा माणसाला झोप येते आहे असे समजून पडू देणे म्हणजे त्याचा श्वास थांबण्याची वाट पाहणे होय.

गोव्याच्या सीमेवर, बांदा-इन्सुलीच्या बाजूला नेमणूक झालेल्यांना तर दारूचा वास इतका नित्याचा असतो, की तो आला की पुढचे काही पाहावेसे वाटत नाही. म्हणून ग्लुकोमीटर घ्यावा. चांगले यंत्र हजार-दीड हजारांत मिळते, पट्ट्यांची मुदत तेवढी तपासत राहावी लागते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला फीट येते. फीटनंतर तो सैरभैर चालतो आणि कुणी धरले तर झटापट करतो. लोक कांदा-चप्पल हुंगवतात, आणि पोलीस त्याला गांजेकस समजतात. काय सांगावे?
– एक वाचक, दापोली

उत्तर : फीट थांबल्यावर मेंदू पूर्ववत होण्यास साधारणतः काही मिनिटे ते अर्धा तास लागतो. त्या काळातील झटापट जाणूनबुजून केलेली नसते, आणि धरून दाबल्याने ती वाढते. त्याला मोकळे सोडावे, फक्त रस्ता, विहीर आणि विस्तव यांच्यापासून दूर ठेवावे. कांदा आणि चप्पल यांचा काडीचाही उपयोग नाही. घड्याळ मात्र जरूर पाहावे: झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी फीट आली, तर 108 ला फोन करावा. भावाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र यांची प्रत गावच्या पोलीस पाटलांकडे आणि बीट अंमलदारांकडे आजच नेऊन द्यावी.