सेसना 152 वर शिकलेल्याला पुष्पकसारखं टेलव्हील विमान शिकायला किती जड जातं? कोल्हापुरात राहून ते शक्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की सेसनावर तुमचं सोलो (एकट्याने उड्डाण) झालंय, लँडिंग बसलंय, आणि तुमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात टेलव्हील हे हौशी लोकांचं खूळ आहे, आठवडाभरात जमतं. हेच वाक्य मी माझ्या एका मित्राच्या तोंडून चाळीस वर्षं ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो.

टेलव्हील म्हणजे तिसरं छोटं चाक शेपटीखाली असलेलं विमान; सेसनाचं ते नाकाखाली असतं, म्हणून ते नोजव्हील. आधी खुळाचं बघू. 1951 साली पहिल्यांदा उडालेलं, एचएएल या सरकारी विमान कंपनीचं एचटी-2, ज्यावर हवाई दलाच्या कितीतरी पोरांनी पहिले धडे गिरवले, ते टेलव्हीलच होतं. त्याच्या डिझाइनचे प्रमुख डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्याच जिल्ह्यातले, हसूरचंपूचे. जर्मनीत प्रांट्ल या वायुगतिशास्त्रातल्या दिग्गजाच्या हाताखाली शिकून आलेला माणूस. तेव्हा कोल्हापूरकराने तरी याला खूळ म्हणू नये.

पुष्पकही एचएएलचंच, त्यानंतरचं, 1958 चं. कापडी पंख, 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, दोन माणसं शेजारी-शेजारी. मी पहिल्या दिवसापासून त्यावरच शिकलो. क्लब कोल्हापूरबाहेरचा, नावाची गरज नाही. मित्र दुसरीकडे नोजव्हीलवर शिकून आमच्याकडे आला. हात अतिशय सफाईदार. हवेत तो माझ्यापेक्षा सरस होता, हे मी आजही कबूल करतो.

ऐंशीच्या दशकातला एप्रिल. आम्ही दोघं पुष्पक घेऊन कोल्हापूरला निघालो. कमांड माझ्याकडे, पण लँडिंग मी करतो म्हणून तो हटून बसला. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, तेव्हा आजच्यासारखी वर्दळ नव्हती. माझं आजोळ गोकुळ शिरगावच्या बाजूचं, त्यामुळे मामा अर्धी भावकी घेऊन कुंपणाशी हजर. उजळाईवाडीचा रनवे 07/25, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा बऱ्यापैकी रनवेच्या रेषेत येतो, पण उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा सुटतो आणि 25 वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरताना तो उजव्या अंगावर घ्यावा लागतो. त्या दिवशी विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, ताठ होता.

उतरवलं मात्र त्याने झकास. उजवा पंख वाऱ्यात किंचित खाली, नाक डाव्या पेडलने रनवेच्या रेषेत, आधी उजवं चाक, मग डावं, मग शेपूट. "बसलं!" म्हणाला आणि सीटला टेकला. पाय पेडलवरून उतरले. त्याच्या डोक्यात फ्लाइट तिथं संपली होती.

नाक उजवीकडे सरकायला लागलं. आधी जरासं, मग भराभर. मी एक अस्सल कोल्हापुरी शब्द वापरून डावं पेडल तळाला नेलं, कंट्रोल मागे ओढून उजवीकडे दाबला आणि रडरला (पेडलने हलणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूला) वारा मिळावा म्हणून थ्रॉटलचा एक झटका दिला. डावा पंख गवताला लागता लागता राहिला. विमान रनवे सोडून तिरकं उभं राहिलं. मोडलं काही नाही.

मामा धावत आले. म्हणाले, "ट्रॉली आडवी गेली की रं!"

जमिनीवर विमान असं गरकन फिरतं त्याला ग्राउंड लूप म्हणतात, आणि तो यापेक्षा चांगला मला कुणी समजावलेला नाही. ट्रॅक्टर पुढे जाताना उसाची ट्रॉली गुमान मागून येते. रिव्हर्स घेताना ती जरा वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते, आणि स्टिअरिंग उशिरा फिरवलं की घडीच. नोजव्हील विमानात वजनाचा मध्य मेन व्हील्सच्या, म्हणजे दोन मोठ्या चाकांच्या, पुढे असतो, त्यामुळे तिरकं टेकलं तरी ते आपोआप सरळ होतं. टेलव्हीलमध्ये तो मागे असतो. म्हणजे रनवेवर तुम्ही पूर्ण वेळ ट्रॉली रिव्हर्स घेताय.

मित्र पुढे एअरलाइनमध्ये कॅप्टन झाला, निवृत्तही झाला. अजून कोल्हापूरला आला की पांढऱ्या रश्श्याची वाटी हातात धरून सांगतो, "गस्ट होता." म्हणजे वाऱ्याचा अचानक झोत. अरे, होता ना! विंडसॉक मलाही दिसत होता. पण गस्ट आला तेव्हा तुझे पाय कुठे होते? सेसनाने तुझे पाय झोपवले होते, एवढंच माझं म्हणणं आहे. विमान थांबून चाकांना चोक (अडकण) लागेपर्यंत पाय जागे पाहिजेत.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आठवडाभरात विमान उडवता येईल, पाय बदलायला वेळ लागेल. आधीच्या सवयी मोडणं हेच मोठं काम. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येकाने टेलव्हीलवरच सुरुवात करावी. टेकऑफला शेपूट उचलली की नाक डावीकडे पळतं, तिथेच उजवा पाय कशाला दिलाय ते कळतं. थ्री-पॉइंट (तिन्ही चाकं एकदम टेकवणं) करायचं की व्हील लँडिंग (आधी पुढची दोन, मग शेपूट), यावर लोक डोकी फोडतात. तो वाद नंतर घाला.

आता अडचणी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये बहुतेक सेसना आणि डायमंड अशी नोजव्हील विमानंच असतात, त्यामुळे माझा "टेलव्हीलवरच सुरुवात" हा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. पीपीएलचे (खासगी पायलट परवान्याचे) किमान 40 तास नोजव्हीलवरच काढा. कोल्हापुरात बसून टेलव्हीलचं काही जमेल असं मला वाटत नाही. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग (बिनइंजिनाच्या विमानाचं उड्डाण) चालू असेल तर जरूर जा, तिथे पायांना काम मिळतं. अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर तिथे टेलव्हीलसाठी लॉगबुकात इन्स्ट्रक्टरची सही लागते, किमान तासांची अट नाही. क्रॉसविंड आणि व्हील लँडिंग मात्र करून दाखवावी लागतात.

आणि कधी पुष्पक हाती लागून ते इकडे आणलंत, तर एप्रिल-मेच्या दुपारी नको. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर. पारा 36 वर गेला की हवा विरळ होऊन विमानाच्या लेखी ती उंची 5000 फूट होते, आणि 90 घोडे दोन कोल्हापूरकरांना घेऊन फार हळू चढतात. सकाळी लवकर या.

मित्रा, तू हे वाचशीलच. फोन करण्याआधी त्या दिवसाचं लॉगबुक काढून बघ, रिमार्कमध्ये गस्टचा उल्लेख आहे का.