शॉवरचा पंप चार-पाच मिनिटांत बंद पडतो. नवा घ्यावा का?

नवा पंप घेऊ नका, निदान इतक्यात तरी. तुम्ही लिहिलंय की शॉवर सुरुवातीला जोरात चालतो, चार-पाच मिनिटांत पंप गप्प होतो, पाण्याची बारीक धार उरते आणि वीसेक मिनिटांनी कुणी हात न लावता तो परत सुरू होतो. त्यावर प्लंबरचा निकाल: मोटर गेली. पण गेलेली मोटर वीस मिनिटांनी परत येत नसते. मी पंपदुरुस्तीचं काम करतो, आणि तुमच्या वर्णनावरून मला तरी वाटतं की मोटर तापतेय आणि जळू नये म्हणून स्वतःच थांबतेय.

वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला, चिकटून एक छोटी डबी बसवलेली असते, थर्मल कटआउट. तिच्यात दोन धातूंची पट्टी असते. वाइंडिंग शंभर अंशांच्या बरंच वर गेलं की पट्टी वाकते, वीज तुटते. निवल्यावर सरळ होते आणि पंप चालू. खात्री करायला पुढच्या वेळी पंप थांबल्याबरोबर आधी एमसीबी (बोर्डातला पंपाची वीज तोडणारा स्विच) बंद करा, मगच मोटरच्या बॉडीला हाताची मागची बाजू टेकवा. चटका बसला तर निदान पक्कं. एमसीबीचं विसरू नका, कारण ही मोटर निवली की न सांगता फिरायला लागते. आणि कुणी ती डबी काढून वायर सरळ जोडून द्यायची तयारी दाखवली तर स्पष्ट नाही म्हणा. पंप थांबायचा बंद होईल खरा, पण मग वाइंडिंग जळेपर्यंत चालेल, तेही बाथरूमच्या भिंतीपलीकडे.

आता मोटर का तापते? सगळ्यात आधी जागा बघा. आवाज नको म्हणून पंप कपाटात कोंडलेला असेल किंवा त्यावर काही गुंडाळलेलं असेल तर एकदा दार उघडं ठेवून, गुंडाळलेलं काढून अंघोळ करा. पंप शेवटपर्यंत टिकला तर दुखणं तिथेच सापडलं. मग व्होल्टेज. पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर मोजायचं, रिकाम्या सॉकेटमध्ये नव्हे, आणि हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. नेमप्लेटवरच्या आकड्यापेक्षा बरंच कमी मिळत असेल, तर तेवढंच काम करायला मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. लांबलचक, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर चालणाऱ्या पंपांची ही नेहमीची तक्रार.

माझा जास्त संशय कपॅसिटरवर आहे, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणाऱ्या सुट्या भागावर. सुरू होताना मोटर क्षणभर नुसती घुमते आणि मग रडतखडत वेग घेते का, ते ऐका. कपॅसिटर उतरला की मोटर बंद पडत नाही, पण जोर कमी होतो आणि उष्णता वाढते. त्याच्या अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, शेजारी त्यात किती कमी-जास्त चालतं ते, पाच टक्के वगैरे. मल्टिमीटरवर त्याहून कमी भरला, किंवा डोकं फुगलेलं दिसलं, तर त्याच मापाचा आणि तेवढ्याच व्होल्टेजचा नवा घाला. पंपाच्या मानाने हा किरकोळ खर्च. वीज बंद केल्यावरही त्याच्यात चार्ज राहू शकतो, तेव्हा डिस्चार्ज केल्याशिवाय टोकांना बोट लावू नका.

पाण्याच्या बाजूने पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढून बघा. काही पंप आतून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड होतात, त्यामुळे जाळी तुंबली की तेही तापतात. बारीक वाळू, टेफ्लॉन टेपचे तुकडे, टाकीला भोक पाडताना पडलेला प्लॅस्टिकचा कीस, असलं काहीही तिथे अडकलेलं सापडतं. गीझरचं गरम पाणी पंपातून जात असेल तर नेमप्लेटवरचं कमाल तापमानही वाचून घ्या. थंड पाण्याचा पंप गरम लाइनवर बसवलेला मी पाहिलाय.

हात लावल्यावर मोटर कोमटच निघाली तर मात्र आतापर्यंतचं सगळं सोडून द्या आणि फ्लो स्विचकडे वळा. पाणी वाहू लागलं की त्याच्यातलं चुंबक सरकतं, काचेच्या नळीतला रीड स्विच जुळतो आणि पंप चालतो. प्रवाह एका मर्यादेखाली गेला की पंप बंद. बऱ्याच पंपांत ही मर्यादा मिनिटाला एक-दोन लिटरच्या आसपास असते. परीक्षा सोपी आहे: शॉवर चालू ठेवून त्याच लाइनवरचा बेसिनचा नळही सोडा. पंप लगेच स्थिरावला तर पंप निर्दोष आहे, शॉवरच पुरेसं पाणी जाऊ देत नाही. शॉवरचं डोकं उतरवा, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजत घाला, भोकांतले क्षार जुन्या ब्रशने काढा. तरीही फरक नसेल तर स्विचच्या चुंबकाला लोखंडी गंजाचा लगदा चिकटलाय का, ते बघा.

आवाज गुळगुळ येत असेल तर हवा. पंप लाइनमधून पाणी खेचत असेल तेव्हा ढिल्या सांध्यातून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते, म्हणून वरून सगळं कोरडं दिसतं. पंप बंद केल्यावर सांध्यांना कोरडा कागद लावून बघा, टाकी वर असेल तर ओला होईल. टाकीतली पातळी आउटलेटच्या जवळ आल्यावरही भोवरा होऊन हवा ओढली जाते.

सोबत प्रेशर टँक (हवेच्या दाबाखाली पाणी साठवणारी छोटी टाकी) असेल आणि पंप दर दोन-तीन सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर टँकच्या हवेच्या वॉल्व्हची पिन दाबा. हवेऐवजी पाणी आलं की आतला रबरी फुगा फाटलाय. हवा कमी झालेली असेल तर टँकमधलं पाणी काढून, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून साधारण 2 पीएसआय (दाबाचं एकक) कमी भरा.

पंपाबरोबर एमसीबी किंवा आरसीसीबीच (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत असेल तर यातलं काहीही करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि टर्मिनल बॉक्स उघडल्यावर जळक्या वार्निशचा वास आला, तर प्लंबरचं म्हणणं मान्य करून नवा पंप आणा.